गोळीवाल्या मॅडम

आमच्या बॅचचे डॉक्टर लग्नाच्या पंगतीत भेटले, की किस्से सुरू होतात. हाडवाला सांगतो, कोण मोहाच्या झाडावरून कसा पडला. दातवाला सांगतो, कोणाची कवळी वरातीत कुठे गळाली. नावानिशी सांगतात, गावानिशी सांगतात! मी मात्र खाली मान घालून वरणभात कालवत बसते. कारण माझ्याकडचे निम्मे किस्से गर्भपाताच्या गोळ्यांचे, आणि पेशंटचं नाव दवाखान्याबाहेर जाऊ द्यायचं नाही असं कायदाच सांगतो. सांगता येत नाहीत म्हणून साठतात. लोणच्यासारखे मुरतात. आता बरणीचं झाकणच लागेना, तेव्हा म्हटलं सांगून टाकावे.

खरी नावं नाहीत, आणि गावं मी फिरवली आहेत. सिहोऱ्याची बाई नाकाडोंगरीची केली आहे, नाकाडोंगरीची भंडाऱ्याची. वाचताना एखादी ओळखीची वाटली, तर ती ती नव्हे, एवढं नक्की!

भंडाऱ्यात माझा छोटासा दवाखाना आहे. आत मी आणि कुंदा सिस्टर, बाहेर काउंटरवर निखारे काका. काका कोष्ट्याच्या घरातले, उमर हातमागावर गेली. माग थांबला तसे इथे आले. कपाळाला गंध, हातात जपाची माळ, आणि नोकरी बायांच्या दवाखान्यात! दवाखान्याला गर्भपात केंद्र म्हणून सरकारी मान्यता आहे. दारावर माझ्या डिग्र्यांची लांबलचक पाटी आहे. पण जिल्ह्यात मला कोणी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणत नाही. ऑटोवाल्याला विचारा, तो म्हणेल, "गोळीवाल्या मॅडम ना? बसा!"

*

'गर्भपात' हा शब्द आमच्या काउंटरवर परवापर्यंत एकाही माणसाने उच्चारला नव्हता. "तारीख चुकली जी." "खाली करायचं हाय." आणि सगळ्यात जास्त चालणारा शब्द म्हणजे 'थे'. "काका, थे होतं ना... मॅडमकडं." काकांनीही मग तोच शब्द उचलला. सकाळी मला रिपोर्ट देतात, "दोन बाळंतपणाच्या, एक खोकला, अन एक थे."

एकदा एक पिशवीवाला माणूस काउंटरशी आला आणि हळूच म्हणाला, "काका, थे आणलं मॅडमचं." काकांनी त्याला रांगेतून पुढे काढलं. पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको बापू, मॅडम चांगल्या हायेत. होते असं कधी कधी."

माणूस गोंधळून आत आला. मी खुर्ची दाखवली आणि विचारलं, "घरच्या कुठे आहेत?"

"घरी हायेत जी."

"मग त्यांना आणावं लागेल ना. तपासल्याशिवाय कसं करणार?"

"तिले कायले जी?" तो म्हणाला. "दहा मिनिटाचं काम. जुना काढतो, नवा बसवून देतो."

मी पेन खाली ठेवला. "तुम्ही?"

"हो ना जी. दुसरं कोण? एक स्टूल द्या फक्त."

तो वर पाहत होता. मीही वर पाहिलं. चार दिवसांपासून बंद पडलेला पंखा!

*

नाकाडोंगरीकडचं एक जोडपं आलं. नवरा मॅंगनीजच्या खाणीत कामाला, बोलायला भलता हुशार. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मी काहीही विचारलं की उत्तर नवऱ्याकडून. नाव काय? नवऱ्याने सांगितलं. जेवण बरोबर जातं का? नवऱ्याने सांगितलं. मळमळ होते का? "होते जी, सकाळी लय होते," नवरा म्हणाला. जणू त्यालाच होत होती!

मी सरळ बाईकडे पाहून विचारलं, "शेवटची पाळी कधीची?"

"सोमवारपासून रातपाळी लागली जी," नवरा म्हणाला. "मागच्या हप्त्यात दिवसपाळी होती."

बाईच्या हातून पदर सुटला. ती अशी हसली, अशी हसली की बाहेरच्या बाकावरच्या बायाही कारण न कळता हसायला लागल्या. डोळे पुसत ती म्हणाली, "यायले नका विचारू जी मॅडम. मले विचारा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आली होती. पोरगं लाकडाचा बैल घेऊन दारोदार फिरून राहिलं होतं, अन मी पोट धरून बसली होती."

इतकी पक्की तारीख शहरातल्या बायाही देत नाहीत. आणि तारीख पक्की लागतेच. दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. घरी टेस्ट केली त्या दिवसापासून नाही, आणि 'तेव्हापासून' तर नाहीच. नऊ आठवड्यांच्या आत असेल तर गोळ्यांनी होतं. त्यापुढे गेलं तर दुसऱ्या पद्धती आहेत. कायदा वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर करू देतो, काही खास कारणांत दोन डॉक्टरांच्या मतावर चोवीसपर्यंत. पण लवकर आलेली बाई सुखाने सुटते.

तिचं सातव्या आठवड्यात होतं. सगळं नीट पार पडलं. पुढच्या वेळी ती एकटीच आली. म्हटलं, "नवरा कुठे?"

"त्यायची पाळी हाय जी," ती म्हणाली आणि पुन्हा तेच हसू!

*

नवीन होते तेव्हा मला दाखले द्यायची भारी हौस. शेतकऱ्याच्या घरची बाई असली की शेतीचा दाखला, विणकराच्या घरची असली की मागाचा. सिहोऱ्याकडची एक बाई, स्वतः रोवणा, म्हणजे भातलावणी करणारी, नवऱ्यासोबत आली होती. मी सुरू केलं, "हे बघा, समजा तुम्ही बांधीत धानाचे पऱ्हे टाकले, रोपं वर आली. आता पहिल्या गोळीने काय होतं, तर बांधीतलं पाणी तुटतं. पाणी तुटलं की पऱ्ह्याची मुळं..."

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, धान मले समजते जी. तुमी गोळीचं सांगा."

त्या दिवसापासून दाखले बंद. आता सरळ सांगते. औषधं दोन. पहिली गोळी इथे माझ्यासमोर गिळायची. गर्भ टिकवून धरणारं जे हार्मोन शरीरात असतं, त्याचं काम ती थांबवते. मग एक-दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्या. त्या गालात ठेवून विरघळवायच्या, नाहीतर आतून ठेवायच्या. त्यांनी पिशवी आवळते, कळा येतात, रक्त जातं, आणि पाळीपेक्षा जास्त जातं. बहुतेकींचं काही तासांत होऊन जातं. दुखण्याची गोळी आधीच देते. घर जवळ असेल आणि सोबत माणूस असेल तर दुसऱ्या गोळ्या घरी घेता येतात. नाही तर आमचा पलंग आहे. तासाला दोन-दोन मोठे पॅड भिजायला लागले आणि तसं दोन तास चाललं, ताप उतरेना, चक्कर आली, तर वाट पाहायची नाही, सरळ निघायचं. आणि दोन आठवड्यांनी दाखवायला यायचं, सारं बाहेर पडलं की नाही ते पाहायला.

बाईने मान डोलावली. "आता समजलं."

"आणि यानंतर लगेच पुन्हा दिवस राहू शकतात हं," मी म्हटलं. "पुढची पाळी यायच्या आधीसुद्धा. तेव्हा काही तरी साधन आजच ठरवा."

इतका वेळ गप्प बसलेला नवरा एकदम उजळला. "म्हणजे उन्हाळी धान बी येते म्हणा ना!"

बाईने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाली, "मॅडम, यायची मोटारच बंद करता येते का जी?"

येते, म्हटलं. साधं ऑपरेशन असतं, थोड्याच वेळात घरी जाता येतं. वळून पाहते तर नवऱ्याची खुर्ची रिकामी!

*

एक बाई अशी आली की पहिलं वाक्य तिचंच. "नवरा आणला हाय सहीले. सासूची बी लागते का? तिले आणली नाही."

वय चाळिशीला टेकलेलं, दोन मुलं कॉलेजात. नवरा बाहेर बाकावर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला नवा पेन. सही करायची म्हणून मनाची तयारी करून बसला होता बिचारा.

मी म्हटलं, "सही फक्त तुमची लागते."

"अन नवऱ्याची?"

"नाही लागत. बाई अठरा वर्षांवरची असली की तिचीच."

"सासऱ्याची?"

"नाही."

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

ती उठली, दार उघडलं आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अवो, तुमचं काई काम नाही इथं. चहा पिऊन या!"

नवरा पडेल चेहऱ्याने आत आला. "मॅडम, एक तरी सही घ्या ना जी. सुट्टी टाकून आलो."

कुंदा सिस्टर ट्रे पुसत होती. तिने त्याच्याकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, सही नको, सैपाक पाहिजे! बाईला दोन दिवस आराम लागेल. चूल तुमच्याकडे."

त्याने खरंच केला हो सैपाक. दोन आठवड्यांनी बाई दाखवायला आली. तपासलं, सगळं व्यवस्थित. विचारलं, "त्रास फार झाला का?"

"गोळीनं नाही झाला जी," ती म्हणाली. "भाजीनं झाला!"

*

स्कार्फ बांधलेल्या दोन मुली. त्यातली एक घशातल्या घशात बोलली, "मॅडम, माझं लग्न नुकतंच झालं आहे." गळ्यात काळ्या मण्यांची पोत, इतकी नवी की मणी अजून दोऱ्याला रुळले नव्हते. बाहेर काकांनी नवऱ्याचं नाव विचारलं तर 'सचिन' सांगितलेलं. आत कुंदाने विचारलं तर 'राहुल'.

कुंदा माझ्या कानाशी कुजबुजली, "एक तर नवरा नाही, अन नावं दोन!"

मी काही बोलायच्या आत कुंदा कात्री घेऊन तिच्या मागे गेली. मुलगी दचकली. कुंदाने तिच्या मानेवर लोंबणारा, दुकानाच्या किमतीचा कागदी टॅग कापला आणि तिच्या हातात दिला.

"पोरी, लग्न नाही झालं तरी चालते," ती म्हणाली. "कायदा तुले बी हाय."

मुलीने स्कार्फ सोडला आणि रडायला लागली. रडता रडता सगळं सांगितलं. वसतिगृहात राहते, मुलगा फोन उचलत नाही, वडिलांना कळलं तर शिक्षण बंद. आणि एक गोष्ट तिने ऐकली होती, की सरकारी माणूस चौकशीला घरी येतो.

मी सांगितलं, कोणी येत नाही. तू एकोणीसची आहेस, वडिलांना आम्ही कळवणार नाही, कळवायची परवानगीच नाही आम्हाला. काही वर्षांपूर्वी कायदा बदलला, तेव्हापासून लग्न न झालेल्या मुलीलाही साधन फसलं म्हणून हे करता येतं. अठराच्या आतली असतीस तर पालक लागले असते, पोलिसांनाही कळवावं लागलं असतं. तुझं तसं नाही. आणि इथे परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या गोळ्यांच्या दिवशी ती आमच्याच पलंगावर होती. कळा आल्या तसा तिने मैत्रिणीचा हात दाबून धरला. मैत्रीण तिच्यापेक्षा जोरात ओरडत होती! कुंदाने शेवटी मैत्रिणीलाच दुखण्याची गोळी दिली.

संध्याकाळी निघताना मुलीने पोत काढून कुंदापुढे धरली. "ताई, ही ठेवता का? दुसऱ्या कोणाला लागेल."

कुंदा म्हणाली, "ठेव तुह्याजवळच. पुढं खरा भेटला तर खर्च वाचंल."

*

घरगुती उपायांबद्दल एकच सांगते. एका मावशीने भाचीला आठवडाभर कच्ची पपई खाऊ घातली, वरून तिळाचा काढा. आठवड्याने मावशीच घेऊन आली. सोनोग्राफीत गर्भ ठणठणीत.

मी विचारलं, "पपईने काहीच झालं नाही?"

"कसं नाही जी?" मावशी दुखावली. "जुलाब झाले ना!"

*

आता हसायचा नसलेला एक. भर दुपारी बाजारातून एक ऑटो थेट पायरीला लागला. आत एक तरुण बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून. ओठ पांढरे. नवऱ्याचं पितळी भांड्यांचं दुकान, माझ्याकडे दोन्ही बाळंतपणं झालेली, म्हणून ओळखीची. इथे त्याला प्रकाश म्हणू, तिला सुनंदा.

"काय झालं?"

"गोळ्या दिल्या होत्या मॅडम," प्रकाश म्हणाला. "थोड्या दिवसांपूर्वी. मित्रानं आणून दिल्या. मोबाइलमध्ये पाहून दिल्या, बरोबर तशाच दिल्या. रक्त थोडंसंच गेलं. आज सकाळपासून पोट दुखून राहिलं, खांदा दुखून राहिला, आता उभंच राहता येत नाही."

पलंगावर घेतलं. नाडी धावत होती, ब्लड प्रेशर खाली. सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. पिशवी रिकामी, आणि बाजूला पोटात रक्त. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत राहिला होता. तिथे या गोळ्या काही करत नाहीत. गोळ्या घ्यायच्या आधी एकदा तपासलं असतं, तर शंका आली असती, सोनोग्राफीत सापडलं असतं. आता नळी फुटली होती.

"मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आत्ता. ऑपरेशन."

काकांनी आधीच ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता. कुंदाने दोन्ही हातांना सलाईन लावली. मी सोबत बसले. रस्ताभर प्रकाश तिचा तळवा चोळत होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "सुनंदा, डोळे उघडे ठेव. सुनंदा, माह्याकडं पाय." ती डोळे उघडायची, त्याच्याकडे पाहायची, आणि पुन्हा मिटायची. ऑपरेशन थिएटरचं दार लागलं तेव्हा तो भिंतीला टेकून खालीच बसला. मला म्हणाला, "बाया येतील, गर्दी राहील, लोक पाहतील, म्हणून नाही आणली मॅडम तुमच्याकडं. लाजेपायी."

रक्ताच्या बाटल्या चढल्या. एक नळी काढावी लागली. जीव वाचला.

टाके काढायला दोघं माझ्याकडे आली. सुनंदाच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. प्रकाशने माझ्यासाठी पितळेचा लोटा आणला होता. टेबलावर ठेवण्याआधी त्याने सवयीने तो उलटा धरला, बोटाच्या पेराने टण्‌कन वाजवला, कान लावला, पुन्हा वाजवला. कुठे चीर नाही ना म्हणून.

सुनंदा त्याच्याकडे पाहत होती. मला म्हणाली, "पाहा मॅडम. लोटा देतानी दोनदा वाजवून पाहिला. मले गोळी देतानी एकदाही नाही."

प्रकाशने लोटा टेबलावर ठेवला आणि तिच्यासमोर हात जोडले. भर दवाखान्यात, माझ्यासमोर, काकांसमोर. ती म्हणाली, "चाला आता, दुकान उघडा," आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

*

आमच्या दारावर दुसरीही एक पाटी आहे, कायद्याने लावावीच लागते. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो गुन्हा आहे.' पाटी वाचून अर्ध्या बाया परत जातात. त्यांना वाटतं, गर्भपातच गुन्हा. काका आता पाटीखाली उभं राहून समजावतात. ज्या माणसाच्या तोंडून 'थे'शिवाय शब्द निघत नव्हता, तो परवा एका घाबरलेल्या बाईला सांगत होता, "पोरगा का पोरगी हे पाहणं गुन्हा हाय बाई. तुह्या मनात नसलं, कायद्यात बसलं, तर थे करणं गुन्हा नाही."

मग माळ कपाळाला लावून म्हणाले, "गर्भपात."

बाई गेली आत. काका बराच वेळ इकडे-तिकडे पाहत होते, छत पडतं की काय म्हणून!

*

तुमसरकडच्या एक आजी सुनेला घेऊन आल्या. आजी म्हणजे काठीसारख्या ताठ, लुगड्याचा काष्टा घट्ट, आवाजात जरब. सून दबकून मागे. काकांनी आत येऊन मला सावध केलं, "मॅडम, सासू भारी दिसून राहिली. भांडण होईल."

सुनेला तीन मुलं. चौथं नको होतं. नवरा बाहेरगावी कामाला, त्याला फोनवर सांगितलेलं. मी समजावत होते, आजी ऐकत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील की देवानं दिलं ते ठेव.

आजी म्हणाल्या, "गोळी दाखवता का जी?"

मी पाकीट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पाकीट जवळ नेलं, लांब नेलं.

"येवढीशीच?"

"एवढीशीच."

"काडी-बिडी लावावी लागत नाही?"

"नाही आजी. असलं काही नाही आता."

आजी खुर्चीवर मागे टेकल्या. मग बोलल्या, माझ्याशी नाही, त्या पाकिटाशीच. "यमुना माही मोठी बहीण. चार लेकरं होती, पाचवं नको होतं. दवाखान्यात जावं कोण? गावात एक बाई होती, थे आतून काडी लावे. तिनं लावली. मंग ताप चढला. अंगाची नुसती भट्टी. मी उशाशी बसली होती. मले म्हणे, 'बाई, पाणी दे.' मी आणाले गेली. रांजण होता अंगणात. लोटा भरून आणला, तवर ती गेली होती."

सून सासूकडे पाहत होती. लग्नाला बारा वर्षं झाली होती, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. कुंदाने खिडकीकडे तोंड केलं.

सुनेने पहिली गोळी घेतली. आजींनीच पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला, आणि ती गिळेपर्यंत ग्लासाखाली आपला हात धरून ठेवला. दुसऱ्या गोळ्यांच्या दिवशी त्या दिवसभर सुनेच्या पलंगापाशी होत्या, तिच्या कमरेला शेक देत. कुंदाला हातही लावू दिला नाही. संध्याकाळी सगळं उरकलं, तेव्हा निघताना त्यांनी कुंदाला विचारलं, "रिकामी पन्नी हाय का जी गोळीची?"

"हाय. पण कायले, आजी?"

"दाखवायची हाय."

कुंदाने कचऱ्याच्या डब्यात टाकायला काढलेलं रिकामं पाकीट त्यांना दिलं. आजींनी ते पदराच्या गाठीत बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

पुढच्या वेळी सुनेला तपासायला आणलं तेव्हाही आजी सोबत होत्या. सून छान होती. तांबी बसवून घ्यायची म्हणाली, बसवली. तिला कपडे नीट करायला पडद्यामागे पाठवलं आणि मी हात धुता धुता सहज विचारलं, "आजी, त्या पन्नीचं काय केलं?"

"दिली जी यमुनेले."

कुंदा थांबली. मी नळ बंद केला. तरी विचारून बसले, "मग? काय म्हणाली ती?"

"म्हणते काय?" आजी म्हणाल्या. "हासली."